होकाराचं धरण

घोडवी धरण पहिल्यांदा लांबलं ते कार्यकारी अभियंता नाडगौडा साहेब फोनवर ‘हो’ म्हणाले त्या क्षणी. वृंदा टेमकर तेव्हा धरणमाथ्यावरच उभी होती. या धरणाची उपअभियंता तीच. नदीत पाणी सोडायचं दार ज्या मनोऱ्यातून उघडतात, तो मनोरा तिच्यापासून हाकेच्या अंतरावर होता. तिनं फोन खिशात ठेवला, मान वर केली, तर मनोरा लांब गेलेला. काडेपेटीएवढा दिसत होता. मधला रस्ता वाढला होता, कठडा वाढला होता, दिव्याचे खांब वाढले होते. त्यात नवंकोरं मात्र काहीच नव्हतं. कठड्याचा पिवळा रंग इथं जितका उडालेला तितकाच तिथंही.

दार चालवणारा सर्जेराव लोहार शेजारीच उभा होता. त्यानं कपाळावर आडवा हात धरून बघितलं.

“लांबलं, मॅडम,” तो म्हणाला.

“दिसतंय,” वृंदा म्हणाली. “चला.”

ती दोघं चालू लागली.

काम तसं साधं होतं. धरणाच्या खाली, नदी डोंगराला वळसा घालते तिथं राणकोंड नावाचा खोल डोह आहे. त्यात महाशीर मासे राहतात. पिढ्यान्‌पिढ्या गावानं ते कोंडाई देवीचे म्हणून जपलेले, तिथं कुणी गळ टाकत नाही की जाळं लावत नाही. एके काळी हा मासा सगळ्या घोडवी नदीत होता. धरण झालं, पाणी कालव्यानं दुसरीकडे वळलं, नदी उन्हाळ्यात कोरडी पडू लागली, आणि मासा एवढ्या एका डोहात येऊन राहिला. यंदा डोहही आटत आला होता. मत्स्यशास्त्राचे मुल्ला सर येऊन बघून गेले होते. धरणाच्या तळाचं गार पाणी थोडं थोडं, संथ धारेनं सोडत राहिलात तर पावसापर्यंत मासे तगतील, असं त्यांनी सांगितलं होतं. एकदम लोंढा आला तर ते खडकांवर आपटून मरतील, हेही सांगितलं होतं. साहेबांनी फोनवर परवानगीही दिली होती. आता फक्त मनोऱ्यापर्यंत जायचं आणि दाराचं चाक फिरवायचं, एवढंच उरलं होतं.

अर्धं अंतर कापून झालं असेल, तोच विश्वासराव खोचरेंचा फोन आला. खोचरे म्हणजे कालव्यावरच्या पाणीवापर संस्थेचे अध्यक्ष. साहेबांकडून त्यांना कळलं होतं. वृंदानं वाद घालायची तयारी केली होती, पण विश्वासराव भलतेच गोड बोलले.

“ताई, मासे काय आमचे वैरी हायेत व्हय? सोडा की बिनघोर. आपला पाठिंबाच हाय.”

मनोरा टिंबाएवढा झाला.

वृंदा थांबली. तिच्या सँडलचा पट्टा टाचेला घासून कातडं सोललं होतं. परत फिरायचं ठरवलं, तर परतीची वाट पूर्वीएवढीच निघाली. चार पावलांत ती दोघं आपल्या बाजूच्या डोंगरापाशी येऊन पोहोचली. लांबायचं ते फक्त पुढचं लांबत होतं.

दुसऱ्या दिवशी ती सर्जेरावाच्या मोटारसायकलवर मागे बसून निघाली. निघताना तिनं विचारलं, टाकीत पेट्रोल भरपूर आहे ना? सर्जेराव म्हणाला, “होय मॅडम,” आणि समोरचा रस्ता हातभर पुढे सरकला. सर्जेरावाच्या होकारानं फार लांबायचं नाही, पण त्याला सवय वाईट होती. तिनं काहीही सांगितलं की तो होय मॅडम म्हणायचा, आणि मोटारसायकल होती तिथंच पळत राहायची. शेवटी तिनं त्याला तोंड बंद ठेवायला सांगितलं. “होय मॅडम,” तो म्हणाला.

गाडी ओढत परत आणावी लागली.

लांबलेल्या धरणाची लोकांना फार लवकर सवय झाली. पलीकडच्या डोंगरावरची माणसं अलीकडे यायची तर डबा बांधून निघू लागली. मधेच कुणीतरी चहाची टपरी टाकली. एसटीनं टपरीपाशी थांबा दिला. कुणाची कसलीही तक्रार नव्हती, आणि वृंदाला याचाच सगळ्यात जास्त वैताग येत होता. कारण धरण लांबलं तरी पाणी तेवढंच होतं. ताटलीतली आमटी परातीत ओतावी तसा जलाशय पसरत चालला होता आणि पातळी उतरत होती. भिंतीवर रंगवलेल्या पट्टीकडे ती रोज बघायची. पाणी एकदा दाराच्या उंबऱ्याखाली गेलं की दार उघडून तरी काय उपयोग? मग मनोरा हाताशी आला तरी नदीत थेंबही पडणार नव्हता.

ती विभागीय कार्यालयात गेली. तिथं बैठक होती. धरण लांबतंय, पातळी उतरतेय, मासे मरायला टेकलेत, हे सगळं तिनं एका दमात सांगून टाकलं. कुणीही तिचं बोलणं तोडलं नाही. उलट माना डोलत होत्या. नाडगौडा साहेबांनी बशीतला लाडू तिच्यापुढे सरकवला आणि म्हणाले, टेमकर मॅडमची तळमळ सगळ्यांनी शिकण्यासारखी आहे. मग त्यांनी विचारलं, पाणी सोडायचं का? सगळ्यांनी मिळून होकार दिला. विश्वासरावांनी तर दोन्ही हात वर केले. खिडकीतून लांबवर धरण दिसत होतं. त्याचं दुसरं टोक क्षितिजाला लागलं, आणि मग क्षितिजाच्याही पलीकडे गेलं.

“सर, तुम्ही बघताय ना?” वृंदानं विचारलं.

“हो, बघतोय की,” साहेब म्हणाले.

ती तिथून उठली ती थेट राणकोंडावर गेली. भर उन्हाची वेळ होती. डोहाच्या काठी सगुणा गुरव पाण्याची घागर रिकामी करत होती. कोंडाईची पूजा सगुणाच्या घराण्याकडे होती. नवरा वारल्यापासून पूजाही तीच करायची आणि माशांना पिठाच्या गोळ्याही तीच घालायची. घरच्या नळाला येणारं पाणी ती घागरीघागरीनं डोहात आणून ओतत होती. डोह एवढा उथळ झाला होता की मोठ्या माशांच्या पाठी वर निघाल्या होत्या. खवल्यांवरचं सोनं उन्हात फिकट पडलं होतं. सगुणानं त्यांच्यावर ओली पोती पांघरली होती.

वृंदा तिच्याशेजारी खडकावर टेकली. मुल्ला सरांनी एक शेवटचा उपाय सुचवला होता. तो सगुणापुढे काढायचा तिला धीर होत नव्हता, पण आता दुसरं काही उरलंही नव्हतं.

“सगुणाबाई, मासे उचलून टाकीत नेऊन ठेवू या का? पाऊस लागला की परत आणू.”

“न्हाई,” सगुणा म्हणाली.

मागं आवाज झाला. शहाबादी फरशीवरून कुणी जड पलंग ओढावा तसा. वृंदानं वळून पाहिलं. धरणाची भिंत थोडी आखडली होती. दिव्याचा एक खांब दुसऱ्याला येऊन चिकटला होता.

तिला वाटलं, उन्हानं डोळे तिरमिरले असतील. तिनं पुन्हा विचारलं, सगळे नको, निदान थोडे तरी नेऊ या.

“न्हाई म्हटलं न्हवं? देवीची लेकरं हितनं हलायची न्हाईत. मेली तर माझ्या डोळ्यांम्होरं मरू देत.”

भिंत पुन्हा आखडली.

वृंदा ताडकन उठली. इतके दिवस ती दारोदार होकार मागत फिरत होती, आणि गरज होती ती नकाराची. तिनं सगुणाचे दोन्ही हात धरले आणि विनवलं, की असंच नाही नाही म्हणत राहा. सगुणाला त्यातलं काही कळलं नाही, पण बाई एवढ्या काकुळतीला आलेली पाहून तिला दया आली.

“बरं, म्हणते,” ती म्हणाली. आखडलेलं तेवढं सगळं परत लांबलं.

त्यानंतर वृंदा नकार शोधत फिरू लागली. असल्या कामाला कुणी माणूस इतका वणवण हिंडला नसेल. नाडगौडा साहेबांना तिनं स्पष्टच सांगितलं, की सर, मला नाही म्हणा. साहेब हसले. “हो, म्हणतो की, त्यात काय एवढं,” म्हणाले, आणि धरण वाढलं. मग ते तिच्या समाधानासाठी नाही, नाही, नाही असं तीनदा म्हणाले. त्यानं काहीच हललं नाही. विश्वासरावांच्या दारात ती सकाळपासून बसली. त्यांनी चहा पाजला, जेवू घातलं, बागेतले आंबे पिशवीत भरून दिले. कालव्यातलं पाणी कमी झालं तर त्यांची केळी जातील, हे सगळ्या तालुक्याला माहीत होतं. पण ते तोंडावर आणायला विश्वासराव तयार नव्हते. ताईंचं मन मोडवत नाही, असं म्हणत होते. आंब्यांची पिशवी घेऊन ती बाहेर पडली तेव्हा तिचे दात आपोआप एकमेकांवर आवळले गेले होते. कुणी शिवी दिली असती तरी तिला बरं वाटलं असतं.

खरा नकार कुठं आहे, ते एका जागेपुरतं तिला ठाऊक होतं.

तिचा नवरा श्रीरंग पुण्यात नोकरी करायचा. वृंदाची बदली घोडवीला झाली तेव्हा तो म्हणाला होता की वर्षभरात मीही तिकडे येतो. दर आठवड्याला फोन व्हायचा. येतोस ना, असं ती विचारायची. हो, हातातलं काम संपू दे, असं तो म्हणायचा. त्यालाही खूप काळ लोटला होता. वृंदानं हे बोलणं तिथंच राहू दिलं होतं. घरात एखादी खोली बंद ठेवावी तसं.

ती धरणमाथ्यावर गेली. टपरीच्या पुढं, जिथून एसटीही परत फिरते तिथं कठड्याला टेकून उभी राहिली आणि तिनं त्याला फोन लावला.

“श्रीरंग, आज हो म्हणू नकोस. खरं असेल ते सांग. तू इकडे येणार आहेस का?”

त्याच्या बाजूनं कुठंतरी कुकरची शिट्टी झाली.

“नाही,” तो म्हणाला. “मी येणार नाही, वृंदा. आणि खरं सांगू? तू परत आलीस तरी आता आपलं जमेल असं मला वाटत नाही. किती दिवस सांगायचं होतं.”

धरण तिच्या पायांखालून धावू लागलं. ती उभी होती तिथंच होती, आणि कठडा, खांब, मैलाचे दगड सरसर मागं जात होते. क्षितिजापलीकडून मनोरा निघाला, टिंबाएवढा झाला, काडेपेटीएवढा झाला आणि हाकेच्या अंतरावर येऊन थबकला. श्रीरंग फोनवर अजून बोलत होता. त्याचा आवाज मोकळा झाला होता, पाठीवरचं पोतं उतरवल्यासारखा. वृंदाला त्या क्षणी रडू यायला हवं होतं. पण तिनं आधी मनोऱ्याकडे पाहिलं, मग पट्टीवर पाणी किती चढलं ते पाहिलं, आणि या गोष्टीची तिला इतकी लाज वाटली की तिनं काही न बोलता फोन बंद केला.

मग तिला संताप आला. श्रीरंगाचा नव्हे, बाकी सगळ्यांचा. घर मोडून मिळालेली ही वाट पुन्हा कुणाच्या गोड बोलण्यानं लांबू द्यायला ती तयार नव्हती. चाकाला हात लावण्याआधी कुणी एकदा हो म्हटलं असतं तरी मनोरा पुन्हा क्षितिजापार गेला असता, म्हणून आधी सगळ्यांकडून खरं काय ते वदवून घ्यायचं तिनं ठरवलं.

धरण आखडल्याची बातमी पसरली, तसे लोक बघायला आले. टपरीवाल्याची टपरी कठड्यात चेपली गेली होती. तो किटली घेऊन डोंगराच्या बाजूला उतरला. विश्वासराव आले. नाडगौडा साहेब जीप घेऊन आले. वृंदा विश्वासरावांच्या समोर जाऊन उभी राहिली. माझा नवरा मला आत्ताच नाही म्हणाला आहे, असं तिनं सांगितलं. आता तुमच्या नकारानं मला आणखी काही होणार नाही. तेव्हा खरं बोला.

विश्वासरावांनी टोपी काढली, कपाळ पुसलं, टोपी पुन्हा घातली.

“नाही,” ते म्हणाले. “माझी केळी गेली तर पोरीचं लग्न मोडंल. माशाला एक थेंब देणार नाही. मनात पहिल्यापासनं नव्हतंच, ताई.”

भिंत करकरली. अलीकडचा आणि पलीकडचा डोंगर एकेक पाऊल पुढं आले. विश्वासरावांच्या चेहऱ्यावर आजवर कुणी न पाहिलेलं एक समाधान पसरलं. ते बघून नाडगौडा साहेबांनाही राहवलं नाही. नाही, माझ्या हातानं हे पाणी सुटणार नाही, ते म्हणाले. उद्या टंचाई झाली तर माशांना कुणी धरत नाही, मला धरतात. ते दुसऱ्यांदा म्हणाले, आणखी मोठ्यानं. मग जमलेल्या लोकांतूनही नाही नाही असा आवाज येऊ लागला. आजवर आतल्या आत दाबून ठेवलेलं सगळं बाहेर पडत होतं, आणि प्रत्येक नकारासरशी धरण आखडत होतं. जलाशय दोन्हीकडून दाबला जाऊन वर चढत होता. पाणी सांडव्याच्याही वर आलं, तरी सांडलं नाही. फुगलेल्या दुधासारखं काठाशी थांबलं.

वृंदा मनोऱ्याकडे धावली. आता धावायचं तरी कितीसं? चार ढांगांत ती चाकापाशी पोहोचली. सर्जेराव चाकावर हात ठेवून उभा होता.

“सर्जेराव, फिरवा. थोडंच. संथ धार लागेल एवढंच.”

सर्जेरावानं चाकाकडे पाहिलं. मग काठाशी थरथरणाऱ्या पाण्याकडे. मग खाली, नदीच्या काठानं दिसणाऱ्या घरांकडे. त्यांत त्याचंही घर होतं. वृंदाला त्याच्या तोंडून एकच उत्तर माहीत होतं आणि तेच तिला नको होतं. ती त्याला गप्प राहा म्हणणार, एवढ्यात तो बोलला.

“नाही, मॅडम.” त्याचा आवाज इतका हळू होता की तो माफी मागतोय असं वाटावं. “एवढं पाणी वर आल्यावर दार उघडलं तर ते थोडंबिडं राहणार नाही. मी हात लावणार नाही.”

तो मनापासून म्हणाला होता.

मनोरा दुमडला. चाक सर्जेरावाच्या हातात निघून आलं आणि ते छातीशी धरून तो अलीकडच्या खडकावर सरकला. कठडा गेला, रस्ता गेला, खांब एकमेकांत मिसळून गेले. दोन्ही डोंगर येऊन थांबले तेव्हा त्यांच्यात एका माणसाच्या पसरलेल्या हातांएवढीच जागा उरली होती, आणि त्या जागेत वृंदा होती. तिनं डावा तळवा एका खडकावर टेकवला, उजवा दुसऱ्यावर. पाय रोवले. सगळा जलाशय तिच्या पाठीशी येऊन उभा राहिला. पाणी तळातलं होतं, फार गार. त्याचा भार वाटला होता तेवढा नव्हता. कुणी मागून टेकून उभं असावं एवढाच होता, पण क्षणभरही कमी होत नव्हता.

दोन्ही डोंगरांवर माणसं उभी होती. नाडगौडा साहेब होते, विश्वासराव होते, सर्जेराव होता. सगळ्यांना जे म्हणायचं होतं ते म्हणून झालं होतं. आता सगळे तिच्याकडे बघत होते.

समोर खाली राणकोंड इतका जवळ आला होता की वाकलं तर हात पोहोचावा. पोती बाजूला पडली होती. चिखलात मासे एकमेकांना चिकटून पडले होते. सगुणा रिकामी घागर कमरेवर घेऊन काठावर उभी होती. तिनं वर पाहिलं.

“बाई,” तिनं विचारलं, “सोडताय न्हवं पाणी?”

हो म्हटलं तर डोंगर लांब जाणार होते, आणि डोह, सगुणा, मासे सगळं पुन्हा नजरेआड होणार होतं. नाही म्हटलं तर ती उभी होती तेवढीही जागा उरणार नव्हती. या दोन्हींखेरीज एखादा शब्द असेल म्हणून वृंदा आठवू लागली. शाळेपासूनचं सगळं तिनं आठवून पाहिलं. पाणी तिच्या खांद्यांवरून गळ्याशी आलं आणि हनुवटीला लागलं.

खाली मासे तोंडं उघडत होते, मिटत होते. वृंदानं तोंड उघडलं.